त्याच बागेत इतरांना तीस जाती दिसतात, मला चारच का?

ताई, तुम्ही लिहिलेलं मला समजलं ते असं. तुम्ही कोथरूडला राहता. बँकेतून निवृत्त झाल्यावर जूनपासून रोज सकाळी साडेसात ते साडेआठ महापालिकेच्या उद्यानात चालायला जाता. पक्षी बघायची मनापासून आवड आहे, पण चार महिन्यांत कावळे, कबुतरं, साळुंक्या आणि पोपट यांच्यापलीकडे काही दिसलेलं नाही. त्याच उद्यानातून दुसरे लोक पंचवीस-तीस जातींच्या याद्या टाकतात. तेव्हा चांगला कॅमेरा घ्यावा, की सरळ पाणपक्ष्यांसाठी प्रसिद्ध भिगवण गाठावं, की साठीनंतर हे जमणारच नाही, असं तुम्ही विचारलंय.

कॅमेरा, भिगवण आणि वय या तिन्हींवर बोलतो, पण मूळ अडचण त्यात नाही. तुमच्या उद्यानात पक्षी आहेत. त्यातले बरेचसे तुमच्या डोक्यावर दहा-पंधरा फुटांवर असतात आणि त्यांचा आवाज बहुधा रोज तुमच्या कानावर पडतो. तो नेहमीच्या गलक्यातून वेगळा काढता येत नाही, एवढंच झालंय. शहरातल्या बागेत पक्षी बघणं हे निम्म्याहून अधिक कानाचं काम आहे, आणि कान तयार व्हायचा तर एका जागी उभं राहावं लागतं. गेली बरीच वर्षं मी पुण्यातल्या बागांमधून आणि टेकड्यांवरून नवख्या लोकांना घेऊन फिरतोय. सगळ्यांची गाडी इथेच अडते आणि इथूनच सुटते.

आधी परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते बघू, म्हणजे उगाच स्वतःला दोष देणं थांबेल.

तुम्ही सुरुवात केलीत ती जूनमध्ये. पावसाळ्यात पक्षी कमी होतात असं मुळीच नाही. शिंपी, वटवट्या या छोट्या पक्ष्यांची घरटी तर याच दिवसांत असतात. पण झाडांना पानोळा दाट असतो, ढगाळ उजेडात समोरचा प्रत्येक पक्षी काळाच दिसतो, आणि पानांवरून टपकणारं पाणी सगळं झाड हलतं ठेवतं. एरवी आपण हलणाऱ्या पानावरून पक्षी हेरतो, ती सोयच या दिवसांत राहत नाही. दयाळ मार्च ते जून पहाटेपासून गळा मोकळा करून गातो आणि नंतर जवळजवळ गप्प होतो. हिवाळी पाहुणे अजून यायचे असतात. म्हणजे नवख्या माणसाने सुरुवात करायला वर्षातला अवघड काळ तुमच्या वाट्याला आला. आता ऑक्टोबर लागलाय. पुढचे पाच-सहा महिने सोपे आहेत.

दुसरा भाग बागेचा. लॉन, कातरलेली ड्युरांटाची कुंपणं आणि बॉटल पामच्या रांगा एवढंच असेल, तर तिथे तीस जाती कितीही शोधल्या तरी सापडणार नाहीत. एखादा जुना वड, पिंपळ किंवा उंबर, पाच-सहा मोठे पर्जन्यवृक्ष, कोपऱ्यात न कातरलेलं झुडूप आणि गळका नळ असेल, तर तीस सहज होतील. कोथरूडच्या बागांना आणखी एक फायदा आहे. म्हातोबा टेकडी आणि वेताळ टेकडी जवळ असल्याने टेकडीवरचे पक्षी खाली उतरत असतात. शहराच्या मध्यातल्या छोट्या बागेला हे भाग्य नसतं.

आणि त्या याद्यांचं म्हणाल, तर त्या नीट वाचा. तीसमधल्या दहा-बारा जाती नुसत्या आवाजावरून नोंदलेल्या असतात, चार-पाच बागेवरून उडत गेलेल्या असतात: घार, पाकोळ्या, गायबगळे, पाणकावळे. यात लबाडी काही नाही, ऐकलेला पक्षी नोंदवणं पूर्णपणे मान्य आहे. फक्त ‘तीस पक्षी समोर येऊन बसले’ असं चित्र डोळ्यांपुढे आणू नका.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगतो.

चालणं आणि बघणं वेगळं करा. व्यायामाच्या वेगाने चालताना पक्षी दिसत नाहीत, कारण तुम्ही त्यांच्या जवळ पोचेपर्यंत ते तुम्हाला बघून गप्प झालेले असतात. बागेत शिरल्यावर पहिली वीस मिनिटं एका जागी द्या, मग हवं तेवढं चाला. वेळ थोडी अलीकडे घ्या. आपल्याकडची बहुतेक उद्यानं सहाच्या सुमारास उघडतात. ऑक्टोबरात पुण्यात सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो, त्यामुळे साडेसहा ते सात हा काळ उत्तम. साडेसातनंतर हास्यक्लब, मोबाईलवरची गाणी, शाळेच्या बस हे सगळं सुरू होतं. डिसेंबर-जानेवारीत मात्र हीच साडेसातची वेळ चांगली ठरेल, कारण तेव्हा सूर्य सात वाजून गेल्यावर वर येतो आणि थंडीत कुडकुडलेले पक्षी ऊन पडल्याशिवाय हलत नाहीत. अशा सकाळी ज्या झाडाच्या शेंड्यावर पहिलं ऊन पडतं ते झाड धरून उभं राहायचं. बुलबुल, पोपट, होले तिथे उन्हाला येऊन बसतात. नशिबात असेल तर हरियालांचा थवाही दिसेल: पिवळे पाय, पिवळट हिरवं अंग, खांद्यावर जांभळट छटा. आपल्या राज्याचा हा पक्षी एरवी वड-पिंपळाच्या पानांत इतका मिसळून जातो की फळं खाली पडायला लागली तरच कळतं.

उभं कुठे राहायचं? सूर्य पाठीशी हवा. सूर्य पक्ष्याच्या मागे असला तर रंग दिसत नाहीत, नुसती आकृती दिसते. तेव्हा सकाळी बागेच्या पूर्वेकडच्या कडेला उभं राहून पश्चिमेकडे बघायचं. समोर एक मोठं झाड, त्याखाली थोडं झुडूप आणि बाजूला मोकळी जागा अशी जागा शोधा. तीन थर एका नजरेत आले की निम्मं काम झालं. जागा रोज तीच ठेवा. महिनाभर एकच जागा. याचा कंटाळा येईल असं वाटतं, पण त्या जागेची रोजची हालचाल ओळखीची झाली की वेगळं काही घडलं तर लगेच टोचतं.

कानाचं म्हणाल, तर पहिला आठवडा नवे पक्षी शोधायचेच नाहीत. कावळा, साळुंकी, पोपट, बुलबुल आणि खार यांचे सगळे आवाज पाठ करायचे. खार पक्षी नाही हे मला ठाऊक आहे, तरी ती यादीत हवीच. झाडावर ‘चिक् चिक् चिक्’ असा धारदार आवाज पाच-पाच मिनिटं एका लयीत चालू असतो आणि नवखा माणूस तिथे मान मोडेस्तोवर पक्षी शोधत राहतो. निम्म्या वेळा तिथे शेपटी झटकत बसलेली खार निघते. साळुंकीचे तर आठ-दहा तऱ्हेचे आवाज आहेत. चाळे, भांडणं, शिट्ट्या, आणि मांजर दिसल्यावरची कर्कश ओरड, सगळं तिचंच. हे पाच जण ओळखीचे झाले की कान त्यांना आपोआप मागे सारतो आणि जो सहावा आवाज उरतो तो ठळक ऐकू यायला लागतो. भाजी मंडईच्या कोलाहलातही आपल्या नातवाची हाक बरोबर ऐकू येते, तसंच हे आहे.

सहावा आवाज बहुतेक शिंप्याचा असेल. ‘टुविट् टुविट् टुविट्’ किंवा ‘चुईप चुईप’, इतका मोठा की मैनेएवढा पक्षी असावा असं वाटतं. आवाजामुळे लोक वर बघतात आणि तो तिथे नसतो. तो कमरेच्या उंचीवर, जास्वंदीत, कर्दळीत, कुंपणाच्या वेलात असतो. तेव्हा मान खाली घ्या. चिमणीपेक्षाही लहान, पाठ हिरवट, डोक्यावर तांबूस टोपी आणि शेपटी उभी. गाताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना एक काळा डाग उघडा पडतो आणि चोच मिटली की पिसांखाली झाकला जातो. हा डाग एकदा दुर्बिणीतून बघा. एवढासा जीव सगळं अंग हलवून आवाज काढतोय हे बघितल्यावर पुन्हा कधी तो आवाज विसरला जात नाही.

सातवा तांबट. ‘टुक् टुक् टुक्’ ही तांब्याचं भांडं घडवल्यासारखी एकसुरी ठोक तुम्ही नक्की ऐकली असेल. थंडी सरत आली की ती वाढते आणि उन्हाळ्यात दिवसभर चालते. तो सापडत नाही याचं कारण आहे. आवाज काढताना तो डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवतो, त्यामुळे ठोक कधी जवळून, कधी लांबून आल्यासारखी वाटते. आवाजामागे पळू नका. आसपासच्या झाडांचे सर्वांत उंच, निष्पर्ण फाटे एकेक करून बघा. तो तिथेच, शेंड्याजवळ, बुटका आणि जाडसर दिसेल. कपाळावर आणि छातीवर लाल ठसा, गळा पिवळा. चोच मिटलेलीच असते आणि प्रत्येक ठोकीबरोबर गळ्याची पिशवी फुगते.

असं एकेका पक्ष्यावर आठ-पंधरा दिवस द्यायला हरकत नाही. मुद्दाम सांगतो, कारण याद्या बघून लोक पहिल्याच महिन्यात पन्नास नावं पाठ करतात आणि समोर आलेला साधा सूर्यपक्षी मात्र ओळखता येत नाही.

आता झाडांबद्दल. मला विचाराल तर बागेतला पक्षी शोधायला पक्ष्यांच्या पुस्तकाइतकाच झाडांचा परिचय उपयोगी पडतो. कुठलं झाड कधी फुलतं, कधी फळतं हे कळलं की उभं कुठे राहायचं हा प्रश्न सुटतो. उंबर, वड, पिंपळ पिकले की तांबट, कोकिळा, बुलबुल, हरियाल आणि राखी धनेश अशी सगळी मंडळी एकाच झाडावर येतात. राखी धनेश हा मोठा, लांब शेपटीचा, चोचीवर छोटं शिंग असलेला पक्षी पुण्यात जुनी झाडं टिकलेल्या भागांत चांगला दिसतो; लोकांना तो जंगलातला वाटतो, म्हणून शहरात समोर आला तरी घार समजून सोडून देतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर आणि पांगारा फुलले की त्या झाडाखालून हलायचंच नाही. सूर्यपक्षी, चष्मेवाले, कोतवाल, भांगपाड्या मैना, आणि गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या भोरड्यांचे थवे तिथे मधासाठी झुंबड करतात. भोरड्या आग्नेय युरोप ते मध्य आशिया एवढ्या लांबून आपल्याकडे हिवाळा काढायला येतात आणि एप्रिलपर्यंत परततात.

आंब्याच्या झाडावर बांडगूळ आहे का ते बघा. असेल तर तिथे फुलटोच्या असणारच. जेमतेम आठ सेंटिमीटरचा, मातकट रंगाचा, आपल्या देशातल्या सर्वांत छोट्या पक्ष्यांपैकी एक. सतत ‘चिक्… चिक्’ करत एका झुबक्यातून दुसऱ्यात जातो. बांडगुळाचं फळ तो गिळतो, गर पचतो, पण बी इतकं चिकट असतं की ते सहज सुटत नाही. मग तो फांदीवर अंग आडवं करून, मागचा भाग घासून ते बी तिथे चिकटवतो. तिथेच नवं बांडगूळ उगवतं. माळी बांडगूळ काढून टाकतात, झाडाच्या दृष्टीने त्यात चूक नाही, पण निदान एखादं झाड तसंच राहिलं तर फुलटोच्याचं घर टिकतं.

आणखी एक खूण कायम लक्षात ठेवा, ती म्हणजे कालवा. बुलबुल, साळुंक्या, शिंपी, सूर्यपक्षी असे एकमेकांशी संबंध नसलेले पक्षी एकाच जागेभोवती जमून ओरडायला लागले, त्यात खारही सामील झाली, की तिथे शत्रू आहे. पक्ष्यांच्या तोंडाच्या दिशेकडे बघा, पक्ष्यांकडे नको. खोडाला चिकटून बसलेला शिक्रा असेल, फांद्यांत मांजर असेल, किंवा ढोलीच्या तोंडाशी पिंगळा. पिंगळा सापडला म्हणजे तुमची वर्षभराची सोय झाली, कारण जोडी ढोली सहसा सोडत नाही. हिवाळ्यात सकाळी ती दोघं ढोलीबाहेर खेटून बसतात, पिवळे डोळे अर्धे मिटून. आपण जास्त जवळ गेलो की मान वर-खाली करून आपल्याला निरखतात. ती मान हलायला लागली की दोन पावलं मागे यायचं.

आता याच महिन्यातलं काम. हिवाळी पाहुण्यांपैकी सर्वांत आधी करडा धोबी येतो; ओढ्याकाठी, ओल्या फरशीवर, शेपटी वर-खाली हलवत. ऑक्टोबरात काळा थिरथिरा येतो. तो मोकळ्या जागी, भिंतीवर, ढिगाऱ्यावर बसतो आणि त्याची तांबूस शेपटी सतत थरथरत असते. लाल छातीचा माशीमार झाडाच्या मधल्या फांद्यांवर, छोटा, तपकिरी, शेपटीच्या बुडाला दोन्ही बाजूंना पांढरा. छातीचा नारिंगी रंग नरालाच असतो, त्यामुळे तो दिसला नाही म्हणून माशीमार नाकारू नका. कोरडं ‘टर्र्र्’ आणि झटक्याने वर जाणारी शेपटी पुरेशी आहे.

आणि हिवाळ्यात तुमच्या बागेत सर्वांत जास्त संख्येने असणारा पाहुणा बहुधा तुमच्या डोक्यावरच असेल. हिरवट पर्ण-वटवट्या. चिमणीहून लहान, वर हिरवट, खाली मळकट पांढरा, डोळ्यावर फिकट भुवई. पर्जन्यवृक्षाच्या पानांत अखंड हलत असतो आणि ‘चिस्-वी’ असा दुहेरी, तीक्ष्ण आवाज दिवसभर काढतो. युरोपच्या ईशान्य भागापासून हिमालयापर्यंतच्या जंगलांत विणीचा हंगाम काढून हा कोथरूडच्या झाडांवर अळ्या टिपायला येतो. खालून शेकडो माणसं चालत जातात, एकाचंही लक्ष नसतं. या एका आवाजाची ओळख झाली ना ताई, तर तुमचा हिवाळा सार्थकी लागला असं मी म्हणेन. त्याला बघायची घाई करू नका. आधी आवाज, मग पान हललेलं, मग कधीतरी पक्षी.

आतापर्यंतचं थोडक्यात: सकाळी लवकर, सूर्य पाठीशी, एकच जागा, वीस मिनिटं, पाच नेहमीचे आवाज पाठ, फुललेलं-फळलेलं झाड आणि कालवा.

आता तुमचे तीन प्रश्न.

कॅमेरा आत्ता घेऊ नका. फोटो वाईट म्हणून नव्हे, मी स्वतः काढतो. पण कॅमेरा हातात आला की लक्ष जो पक्षी नीट उघड्यावर बसतो त्याच्यावर जातं, म्हणजे पुन्हा साळुंकी आणि पोपट. पानांतला वटवट्या, झुडपातला कस्तूर हे फोटोला दाद देत नाहीत, म्हणून माणूस ते सोडून देतो. तुम्ही सांगितलेल्या कॅमेऱ्याच्या पैशांतून आधी एक दुर्बीण घ्या. ८ बाय ४२ किंवा ८ बाय ४० घ्या. ८ म्हणजे आठपट मोठं दिसतं, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दुकानदार १० किंवा २०पटीची दाखवेल, पण पट वाढली की हाताचा कंपही तेवढाच वाढतो आणि दिसणारा भाग आक्रसतो. बागेत पक्षी जवळ असतात, तेव्हा आठपट भरपूर झाली. सुरुवातीला पुरेल अशी चांगली दुर्बीण दहा हजारांच्या आसपास मिळते. चष्मा असेल तर डोळ्यांपाशी असलेल्या रबरी कडा खाली वळवून किंवा फिरवून बसवायच्या, नाहीतर चित्राभोवती काळं कडं दिसतं. दुर्बीण लावण्याची एकच युक्ती: नजर पक्ष्यावर खिळवून ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. डोळे खाली घेऊन दुर्बीण शोधली की पक्षी हरवलाच. घरी गॅलरीतून समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीवर आठवडाभर सराव करा.

वयाबद्दल. साठीनंतर बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू यायला कमी होतात हे खरं आहे. फुलटोच्या आणि वटवट्या यांचा त्रास त्यात जास्त होतो. पण तांबट, भारद्वाज, कोकीळ, दयाळ, हळद्या, बुलबुल, धनेश यांत काही अडचण येत नाही, आणि यावर एक चांगला उपाय आता उपलब्ध आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन हे ॲप मोफत आहे. ते आवाज ऐकून जात सुचवतं आणि पडद्यावर आवाजाची रेघ सरकताना दाखवतं. कानाला न कळलेला बारीक आवाज रेघेत दिसतो, मग त्या दिशेला डोळे लावता येतात. मात्र त्याने नाव दाखवलं म्हणजे पक्षी नोंदवला असं करू नका. कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, हरेवा हा हिरवा पक्षी तर चार-पाच पक्ष्यांचे आवाज एकामागोमाग काढतो, आणि रस्त्यावरच्या गाड्यांच्या घरघरीत भारद्वाजाचं खोल ‘हूप हूप’ ॲपला बऱ्याचदा ऐकू येत नाही. ॲपचं नाव म्हणजे ‘इकडे बघा’ एवढीच सूचना. खात्री डोळ्यांनी करायची. आणि ॲपमधले आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्याला बोलावू नका, विशेषतः विणीच्या काळात. आपल्या हद्दीत दुसरा नर आलाय असं समजून तो खाणं, पिल्लांना भरवणं सोडून त्याला शोधत फिरतो.

भिगवणला जरूर जा, पण जानेवारी-फेब्रुवारीत. पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर उजनी धरणाच्या फुगवट्यात पाणी उतरलं की रोहित (फ्लेमिंगो) येतात आणि नावेतून सहज दिसतात. तिथे पक्षी मोठे असतात, उघड्यावर असतात, मन प्रसन्न होतं. बागेत मात्र त्याचा उपयोग कमी. रोज घराजवळ वीस मिनिटं दिलेला माणूस भिगवणला गेला तर तिथेही इतरांपेक्षा दुप्पट बघून येतो, हे मी दर हिवाळ्यात बघतो.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, झाड, उंची, काय करत होता, आणि आकार. आकारासाठी आपल्याकडे तयार माप आहे: चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा. ‘साळुंकीहून मोठा, कावळ्याहून लहान, लांब शेपटी, तपकिरी, कर्कश आवाज’ एवढं लिहिलंत तर कुणीही टकाचोर हे नाव सांगेल. ‘सुंदर पक्षी, रंगीत’ यावरून मात्र काही सांगता येत नाही. नाव नाही कळलं तरी नोंद सोडू नका. वहीत थोडं बळ आलं की ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदी टाकायला लागा. नोव्हेंबरात ५ ते १२ या तारखांना आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो, तेव्हा बऱ्याच ठिकाणी मोफत फेऱ्या निघतात. जाणत्या माणसाबरोबर एक फेरी केली तर महिन्याचं शिक्षण होतं. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते, त्यात कुठेही पंधरा मिनिटं उभं राहून केलेली नोंद चालते. तुमची बाग त्यासाठी अगदी योग्य आहे.

शेवटी एक गोष्ट, जी मला जास्तच महत्त्वाची वाटते. बागेतल्या माळीबुवांशी ओळख करून घ्या. कुठल्या ढोलीत कोण राहतं हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. आणि ओळख झाली की दोन विनंत्या करता येतात. पाडायला सोपी म्हणून वठलेली फांदी तोडली जाते. लोकांच्या डोक्यावर पडण्याचा धोका असेल तर ती तोडायलाच हवी, पण वाटेपासून लांब असलेली ठेवता आली तर तांबट तिथे बीळ कोरतो, त्याला मऊ, मेलेलं लाकूडच लागतं. आणि एका कोपऱ्यातला पालापाचोळा झाडू नका, असं सांगता येतं. त्या पाचोळ्यात दयाळ, सातभाई आणि नारिंगी डोक्याचा कस्तूर चोचीने पानं उलटून किडे शोधतात. झाडून लख्ख केलेल्या जमिनीवर कबुतरांखेरीज कुणाला काही मिळत नाही. तुमच्याच बागेत कबुतरं इतकी का दिसतात याचं एक कारण हे आहे. दुसरं म्हणजे रोज पिशवीभर दाणे टाकणारे लोक. त्यांच्याशी भांडू नका, पण आपण टाकू नका.

घरटं दिसलं तर त्याचा फोटो आणि जागा गटावर टाकू नका. आपण चार वेळा तिथे जाऊन उभे राहिलो की कावळ्याचं आणि भारद्वाजाचं लक्ष तिकडे जातं, आणि पिल्लं वाचत नाहीत.

आता एक काम करा. तुमच्या उद्यानातली मोठी झाडं कोणती, वड-पिंपळ-उंबर आहे का, पाणी कुठे साचतं आणि पूर्वेकडचं फाटक कुठे आहे एवढं लिहून पाठवा. नावं येत नसतील तर पानांचे फोटो चालतील. त्यावरून उभं राहायला कोणती जागा बरी आणि नोव्हेंबरात तिथे कुणाची वाट बघायची हे नेमकं सांगता येईल.